आईचं उजवं मनगट

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक स्कूटर उभी होती. नुसतीच उभी होती. मूळची माझ्या आत्याची. आत्या लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा किल्ली आईच्या हातात देऊन म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही चालवा." आईने किल्ली देवघराच्या खणात ठेवली आणि स्कूटरवर जुनी चादर घातली. बाबांना गाडी यायची, पण ते ऑफिसच्या बसने बेलापूरला जायचे. एखाद्या रविवारी ते स्कूटर चालू करून जागच्या जागी घुरघुरवायचे, "नाहीतर बॅटरी उतरते," म्हणायचे आणि चादर परत घालायचे.

दसऱ्याला मात्र तिचा थाट बघण्यासारखा असायचा. आई तिला धुऊन पुसून लख्ख करायची, हळदकुंकू लावायची, पुढे स्वस्तिक काढायची आणि झेंडूचा हार घालायची. मग चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडायचं तर गाडी पुढे गेली पाहिजे, म्हणून बाबा तिला हाताने ढकलून फूटभर पुढे न्यायचे आणि परत फूटभर मागे आणायचे. वर्षातला तिचा सगळा प्रवास तेवढाच. नवीन पनवेलमध्ये तेव्हा घराघरात गाड्या येत होत्या, पण पेट्रोलपेक्षा झेंडू जास्त बघितलेली गाडी आमचीच असणार.

नववीत सरांनी गतीचा पहिला नियम शिकवला आणि रोजच्या व्यवहारातलं उदाहरण विचारलं, तेव्हा मी हात वर केला. स्थिर वस्तू स्थिरच राहते, तर ती आमची स्कूटर, सर. सगळा वर्ग खिदळला. सरही हसले आणि म्हणाले, "बाहेरून असंतुलित बल मिळेपर्यंत!" ते शब्द मी वहीत घेतले, परीक्षेपुरते घोकले आणि विसरून गेले. मला विज्ञान मुळीच आवडत नव्हतं. काठावर पास झाले आणि सुटले एकदाची म्हणून पुस्तक खालच्या चाचींच्या मुलीला द्यायला काढून ठेवलं.

चाची म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारीण. त्यांचे यजमान कुवेतला असायचे, आणि चाचींचा अर्धा दिवस गॅलरीत चहा घेत जायचा. बिल्डिंगमधली कोणतीही गोष्ट घडायची असली तर ती चाचींच्या गॅलरीसमोरूनच घडायची.

ते बाहेरचं बल एप्रिलमध्ये आलं. माझ्या जन्माआधी आई प्राथमिक शाळेत शिकवायची. मी झाले, आमची बदली झाली आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता गव्हाणच्या बाजूला एका शाळेत पहिलीच्या वर्गासाठी बाई हव्या होत्या. आईने अर्ज केला, मुलाखत दिली आणि चक्क निवड झाली. मुख्याध्यापक बाईंनी एकच अट घातली. शाळा सकाळची, घंटा सातला. पहिलीची पोरं रडत येतात, त्यांच्या आधी बाई वर्गात हव्यात. "शाळा उघडेल त्या पहिल्या दिवसापासून वेळेवर यायचं. तुमच्या आधीच्या बाई रोज उशिरा यायच्या, म्हणून तर जागा रिकामी झाली. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, यादीत पुढचं नाव आहे." आमच्याकडून तिकडे जाणारी पहिली एसटी घंटा झाल्यावर पोचायची. सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. आईला हे सगळं ठाऊक होतं, तरी ती ताठ बसून म्हणाली, "जमेल. माझी स्वतःची गाडी आहे."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"कुठली गाडी?"

"आहे ना खाली."

"अगं, ती तुला येते का?"

"येत नाही. पण आहे की नाही?"

बाबा वाईट नव्हते हो. घाबरट होते. गव्हाणकडे जाणाऱ्या त्या उरणच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर धावतात, रेल्वेवरचा पूल चढायचा, आणि ही बाई कधी सायकलवरसुद्धा बसलेली नाही, याचा त्यांनी धसका घेतला. दोन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच चादर काढून टायरमध्ये हवा भरून आले. हे आमच्या बाबांचं वैशिष्ट्य. आधी नाही म्हणायचं आणि मग सगळ्यांत पुढे.

आईला शिकाऊ लायसन्स मिळालं आणि एका सकाळी आम्ही तिघं सेक्टरच्या मागच्या रस्त्यावर गेलो. तिथे तेव्हा इमारती उठायच्या होत्या. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, मधूनमधून रेतीचे ढीग. समोर लांब कर्नाळ्याचा सुळका अंगठा दाखवावा तसा उभा. आईने पदर खोचला, साडी नीट सावरली, देवाचं नाव घेतलं आणि बसली. बाबांनी एकच शिकवण दिली, "काही झालं तरी हँडल घट्ट धर."

गाडी निघाली. खरंच निघाली! मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका प्लॉटमधून एक तपकिरी कुत्रं डुलत डुलत रस्त्यावर आलं. आई किंचाळली, आणि गाडी हळू व्हायची ती उसळून पळाली. बाबा मागे धावत ओरडायला लागले, "अगं घट्ट धर! घट्ट धर! घट्टऽऽ!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आई बाबांचा शब्दन् शब्द ऐकत होती. ती जसजशी घट्ट धरत होती तसतशी गाडी आणखी पळत होती. शेवटी रेतीच्या ढिगाने तिला पोटात घेतलं. कुत्रं बाजूला बसून शांतपणे हे सगळं बघत होतं.

गुडघा खरचटला, दोन बांगड्या फुटल्या, केसांत रेती गेली. तेवढ्यावर निभावलं. पण बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी आल्यावर ते म्हणाले, "बास. त्यांना फोन करून नाही म्हणून सांग. तुझ्यापेक्षा नोकरी मोठी नाही."  आईने फोन केला नाही, पण करणार नाही असंही म्हणाली नाही.  आमच्या घरात आई बोलत नसली की पंख्याचासुद्धा आवाज जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ओट्याशी कणीक तशीच, आणि आई डायनिंग टेबलावर माझं विज्ञानाचं पुस्तक उघडून बसलेली. चाचींकडे जायच्या पिशवीतून काढलेलं.

"इथे लिहिलंय की गतिमान वस्तू गतिमानच राहते. म्हणजे ती थांबतच नाही?"

"थांबते गं. घर्षणाने थांबते."

"मग काल का नाही थांबली?"

आता आली का पंचाईत! आमची आई शिक्षिका. तिला "असंच असतं" हे उत्तर चालत नाही. कारण कळल्याशिवाय ती कुकरची नवीन रिंगसुद्धा बसवत नाही. मी चिडले, म्हटलं, मला काय माहीत, मी काठावर पास झालेय. ती म्हणाली, "मग आता नीट पास हो. माझी नोकरी चाललीय, आणि तुझ्या पुस्तकात उत्तर आहे."

मी कॅरम काढला. पावडर टाकून स्ट्रायकर टिचकीने सोडला, तो सुसाट गेला. मग तोच स्ट्रायकर फरशीवर सोडला, तो थोडा गेला. चटईवर तर जागच्या जागीच बसला. "बघ," मी म्हटलं, "ढकललं की जातो, आणि ढकलणं बंद केलं की घर्षण त्याला थांबवतं. चटईवर लगेच, कॅरमवर उशिरा. कुणी काही करावं लागत नाही."

आई स्ट्रायकरकडे बघत राहिली. "म्हणजे मी काहीच केलं नाही, तर गाडी आपोआप हळू होणार?"

"हो."

"मग काल मी काय केलं? मी तर नुसती घट्ट धरून बसले होते."

ते मलाही कळेना. मी लाटणं तिच्या दोन्ही हातांत आडवं दिलं. म्हटलं, धर हँडलसारखं. तिने धरलं. म्हटलं, आता कुत्रं आलंय, घट्ट धर. तिने बोटं आवळली, आणि आम्हा दोघींना एकाच वेळी दिसलं. बोटं आवळली की मनगट खाली जात होतं, आणि मनगटाबरोबर लाटणं मागे फिरत होतं. उजव्या मुठीत काय असतं? रेस! भीती वाटली की ती घट्ट धरत होती, घट्ट धरलं की रेस वाढत होती, रेस वाढली की भीती वाढत होती, आणि मागून बाबा "घट्ट धर" म्हणून आगीत आणखी तेल ओतत होते. घर्षण बिचारं तिला थांबवायला तयारच होतं. हीच त्याला थांबवू देत नव्हती.

आई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम हसायचं थांबवून म्हणाली, "अगं, म्हणजे मी वेंधळी नाहीये." किती सहज म्हणाली ती! आदल्या दिवसापासून तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. मी उगाचच कॅरमची पावडर पुसायला लागले.

संध्याकाळी बाबांना बसवून दोघींनी शिकवणी घेतली. स्ट्रायकर, चटई, लाटणं, सगळं. बाबांनी लाटणं हातात घेऊन दहादा आवळून बघितलं. मग अपराध्यासारखे म्हणाले, "म्हणजे मीच ओरडून ओरडून गाडी पळवत होतो?"

"तुम्ही आता काही म्हणू नका," आई म्हणाली.

"असं कसं? तू समोर ट्रकखाली जाशील आणि मी गप्प बसू?"

ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. ते क्रिकेट बघतानासुद्धा टीव्हीतल्या फलंदाजाला सूचना देतात. शेवटी मीच तोडगा काढला. घट्ट धर म्हणायचं नाही. काहीही भीती वाटली की "कुत्रं!" म्हणून ओरडायचं, आणि कुत्रं म्हटलं की आईने उजवं मनगट सैल सोडायचं. जिथे असेल तिथे, जे करत असेल ते. अंगवळणी पडलं पाहिजे.

झालं, घरात नुसता धुमाकूळ. आई भाजी चिरतेय, मी मागून "कुत्रं!" सुरी खाली. आई फोनवर मावशीशी बोलतेय, बाबा "कुत्रं!" रिसीव्हर खाली, तिकडे मावशी हॅलो हॅलो करतेय. एकदा ती बाबांना वरण वाढत होती आणि मला राहवलं नाही. पळी थेट बाबांच्या ताटात आपटली आणि वरण त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. बाबांनी शर्टाकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले, "छान! एकदम सैल!"

आठवडाभराने दुपारी दारावर थाप पडली. दारात चाची, हातात झाडूचा दांडा. "भाभी, कुठे आहे तो? अल्ला, रोज सुबह-शाम तुमच्या घरात कुत्रा येतो आणि तुम्ही एवढ्या हसता काय?" आईने त्यांना आत घेतलं, चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. चाची पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून आई कपडे वाळत घालायला गॅलरीत आली की खालून आवाज यायचा, "भाभी, कुत्रा!" आणि एखादा टॉवेल चाचींच्या गॅलरीत पडायचा.

पुन्हा रस्त्यावर गेलो तेव्हा आई वेगळीच होती. हळूहळू रेस दे, कुत्रं म्हटलं की सोड, गाडी मंद होते, मग ब्रेक. जमलं! फक्त गाडी सारखी डाव्या अंगाला झुकत वेडीवाकडी चालत होती. आई म्हणाली, "मागून काहीतरी ओढतंय." बाबा म्हणाले, "छे, काही नाही." मी बघतेय, बाबा मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून धापा टाकत पळताहेत!

"आई, बाबांनी धरलंय!"

"अहो, सोडा."

"नुसता हात लावलाय गं."

आईने गाडी थांबवली, पाय टेकला आणि मान वळवून शांतपणे म्हणाली, "तिसरा नियम काय आहे? मी तुम्हाला जेवढं पुढे ओढते तेवढंच तुम्ही मला मागे ओढता. तुमचं वजन बघा आणि माझं बघा. सोडा." पुढची पानं तिने मी शिकवायच्या आधीच वाचून ठेवली होती. बाबांनी आपल्या पोटाकडे एकदा बघितलं आणि हात सोडले. गाडी सरळ निघाली. सरळ! रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, रेतीच्या त्या ढिगाला वळसा घालून परत आली. आईचा पदर सुटून फडफडत होता आणि ती मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होती. जवळ आल्यावर ऐकू आलं, ती पहिलीच्या पोरांचं बडबडगीत म्हणत होती. मी रस्त्यातच नाचायला लागले.

पुढे आरटीओत तिने आठचा आकडा काढला आणि पक्कं लायसन्स मिळवलं. बाबांना मागे बसवून ती दोनदा गव्हाणपर्यंत जाऊनही आली. पण बाबा मागे असणं वेगळं आणि एकटीने जाणं वेगळं. रेल्वेवरच्या पुलाचा चढ तिला अजून धडकी भरवायचा. मी सांगितलं, "चढावर रेस सोडलीस तर घर्षणही थांबवतं आणि गुरुत्वाकर्षणही. दोघं तुझ्या बाजूने. सपाटीपेक्षा लवकर थांबशील. फक्त थांबल्यावर ब्रेक सोडू नकोस, नाहीतर मागे येशील." हे मी पाठ न करता, आपल्या मनाने सांगितलं होतं, आणि मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

शाळा उघडायचा दिवस आला. आईने जिन्याखाली स्कूटरला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबा सवयीने ढकलायला पुढे झाले, तर आई म्हणाली, "थांबा." किल्ली फिरवली, रेस दिली आणि लिंबू फट्कन चिरडून गाडी तशीच गेटच्या बाहेर गेली. चाची गॅलरीतून दोन्ही हातांनी बलाएँ घेत आईची दृष्ट काढत होत्या. बाबांनी आईला शांतपणे हात केला, म्हणाले, मीही बसला जातो. ती वळणाआड गेल्याबरोबर माझा हात धरून पळत सुटले. समोर दिसली ती रिक्षा पकडली आणि आम्ही जवळच्या रस्त्याने तिच्या आधी पुलावर पोचलो. चढाच्या मध्यावर, कठड्याला लागून उभे राहिलो. बाबांची ऑफिसची बस आमच्या समोरून निघून गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आई आली. हेल्मेटखाली चेहरा दिसत नव्हता, पण ताठ बसायची पद्धत ओळखू येत होती. चढायला तिने चांगली रेस दिली होती. गाडी जोमात वर येत होती, आणि तेवढ्यात तिच्या पुढची रिक्षा एका प्रवाशासाठी भर चढावर गचकन थांबली. मला दिसलं, आईचे खांदे वर उचलले गेले. इंजिनाचा आवाज चढला. हुबेहूब रेतीच्या ढिगाच्या दिवसासारखा.  बाबांचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता हे "घट्ट धर" म्हणणार, सगळं संपलं.

"कुत्रंऽऽऽ!"

अख्खा पूल दचकला. आईचं मनगट सैल पडलं. गाडीची घुरघुर एकदम उतरली, चढाने तिला हळूच आवरलं आणि रिक्षाच्या मागे हातभर अंतर ठेवून ती उभी राहिली. ब्रेक दाबलेला, पाय टेकलेला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. आईने इकडेतिकडे बघितलं आणि कठड्याशी आम्ही तिला दिसलो. ती रागावेल असं मला वाटलं. तिने हेल्मेटची काच वर केली, आणि ती हसत होती. मग काच खाली केली, ब्रेक धरून थोडी रेस दिली, ब्रेक हळूच सोडला. गाडी एक इंचसुद्धा मागे आली नाही. रिक्षाला वळसा घालून ती चढ चढून गेली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

बाबा कठडा धरून उभे होते. कठडा मात्र अगदी घट्ट धरला होता. बाजूने टोपली घेऊन जाणारे एक आजोबा थांबले, रस्त्यावर, पुलाखाली, सगळीकडे बघून म्हणाले, "कुटं हाय कुत्रं? मना त नाय दिसत."

बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुलाच्या टोकाकडे बोट दाखवून अख्ख्या पनवेलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "अहो, कुत्रं कसलं! माझी बायको चाललीय. शाळेत शिकवायला."